कांदोळीचें घर आणि इ. स. १७८७ चा कट

देवळाचा महोत्सव जवळ आला म्हणजे आपण त्याच्या भिंतींकडे नव्या नजरेनें पाहूं लागतों. पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हे प्रश्न एरवीं कोणी विचारीत नाहीं. महोत्सवाच्या वर्षीं मात्र ते लहानथोरांच्या तोंडीं असतात. दगडविटांस जीभ नसते हें खरें. पण विचारणारा भेटला कीं जुनी वास्तु आपल्याभोंवतीं माणसें गोळा करते, आणि मग तीं माणसें बोलूं लागतात.

आम्हां वऱ्हाडकरांस जुन्या वास्तूंची ओळख नवी नाहीं. नरनाळा, गाविलगड, अकोल्याचा असदगड, बाळापूरचा किल्ला व तेथील छत्री हीं नांवें आपल्या मुलांस पाठ असतात. ता. १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें गाविलगड घेतला, ती हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलों. परंतु किल्ल्यांच्या गोष्टी बहुधा तोफांच्या असतात. आज आम्ही वाचकांस ज्या वास्तूकडे नेऊं इच्छितों तेथें तोफ कधीं डागली गेली नाहीं. तें एक राहतें घर आहे, गोव्यांतील एका समुद्रकांठच्या गांवांतलें. तें घर ख्रिस्ती माणसांचें. त्यांत जमणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण धर्मगुरु. आणि त्यांच्यावर आलेला आरोप राजद्रोहाचा.

सरकारी दप्तरांत हीं माणसें गुन्हेगार म्हणून नोंदलीं गेलीं. कांहीं फांसावर चढलीं, कांहीं परदेशच्या तुरुंगांत झिजलीं. परंतु त्यांच्या तक्रारीच्या मुळाशीं जो प्रश्न होता तो प्रत्येक कॅथॉलिक माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें सारे सारखे होतात ना? होत असतील तर वेदीसमोर सारखे असणारे लोक वेदीपासून चार पावलें दूर गेल्यावर उच्चनीच कां ठरावेत? महोत्सवाच्या पुस्तिकेंत या प्रश्नास जागा नसेल तर ती अन्यत्र कोठें असणार?

गांव आणि घर

मांडवी नदी जेथें समुद्रास मिळते तेथून उत्तरेकडे बारदेशचा किनारा सुरू होतो. मुखाशीं आग्वादचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनीं १६१२ मध्यें बांधला. त्याच्याच लगत कांदोळी हें गांव. बारदेश प्रांत १५४३ मध्यें आदिलशाहीकडून पोर्तुगीजांच्या ताब्यांत आला, आणि तेथील धर्मप्रसाराचें काम फ्रान्सिस्कन संघाकडे सोंपविण्यांत आलें. कांदोळीचें आशेच्या मातेचें देऊळ १५६० सालचें समजलें जातें. म्हणजे आमच्या कथेच्या काळीं या गांवानें सव्वादोनशें वर्षें ख्रिस्ती धर्म पाळला होता. तेथील कुटुंबें नवशिकीं नव्हतीं. त्यांचे पणजे-खापरपणजे ख्रिस्ती म्हणूनच जन्मले व ख्रिस्ती म्हणूनच मातीआड झाले होते. आपल्या मराठी भाषेंतील 'ख्रिस्तपुराण' हा थोर ग्रंथ १६१६ मध्यें याच गोव्यांत, राशोल येथें छापला गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे या भूमीशीं आपलें नातें किती जुनें आहे तें ध्यानीं येईल.

कांदोळींत पिंटो नांवाचें एक घराणें होतें. धर्मांतरापूर्वीं हें कूळ ब्राह्मणांचें. जमीनजुमला, शिक्षण व सरकारदरबारीं वजन या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशीं होत्या. १७७० मध्यें पोर्तुगालचा राजा पहिला जोझे यानें या घराण्यास सरदारकीचा मान व कुलचिन्ह धारण करण्याचा अधिकार दिला. मूळच्या रहिवाशांपैकीं एखाद्या कुळास असा मान मिळणें ही कांहीं रोजची गोष्ट नव्हे. तें कुलचिन्ह पिंटोंच्या जुन्या घरांत पुढेंही कायम राहिलें. घराची मालकी मागाहून दुसऱ्या कुटुंबाकडे गेली तरी तें हललें नाहीं. हेंच तें घर, जेथें कट शिजला असें सांगतात.

यांतील विरोध वाचकांनीं लक्षांत ठेवावा. राजानें ज्यांस गौरविलें त्यांच्याच छपराखालीं राजाविरुद्ध खलबत झालें. कुलचिन्ह दारीं आलें, पण त्या चिन्हाच्या मागें जो मान असावयास पाहिजे तो आला नाहीं, अशी त्या घरांतील माणसांची समजूत झाली होती.

काळाचें भान राहावें म्हणून एवढें सांगतों कीं, १७८७ मध्यें पुण्यास सवाई माधवराव पेशवे गादीवर होते व कारभार नाना फडणिसांच्या हातीं होता. उत्तरेंत महादजी शिंदे लढत होते. म्हैसुरांत टिपू सुलतान होता. आपल्या वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली चालू होती. एकाच शेताचा सारा दोन धनी वांटून घेत. अशा त्या अस्थिर काळांत गोव्याचें हें छोटें पोर्तुगीज राज्य समुद्राच्या आधारानें टिकून होतें.

तक्रारीचें मूळ

कट म्हटला कीं लोक सुरा, विष आणि काळोखी रात्र यांचा विचार करतात. या कटाचा आरंभ मात्र कायद्याच्या एका कागदापासून झाला असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

ता. २ एप्रिल १७६१ रोजीं पोर्तुगालच्या दरबारानें एक फर्मान काढलें. त्याचा आशय असा कीं, राजाच्या पूर्वेकडील मुलखांत जन्मलेली जी प्रजा बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती आहे तिला पोर्तुगालांत जन्मलेल्या प्रजेचेच मान व अधिकार असावेत, आणि तिला हीन नांवांनीं हिणविणाऱ्यांस शिक्षा व्हावी. हें फर्मान काढविणारा मंत्री मार्किस द पोंबाल. यानेंच येशूसंघावर घाला घातला, आणि १७५९ मध्यें गोव्यांतून येशूसंघीय धर्मगुरूंची हकालपट्टी झाली. धर्मसंघांचा असा वैरी कायद्यानें समता सांगत होता, आणि ज्यांनीं ती आधीं सांगावयाची त्यांच्यापैकीं पुष्कळांस ती रुचत नव्हती. इतिहासांत असे चमत्कारिक योग येतात खरे.

फर्मान निघालें, पण गोव्यांतील अधिकाऱ्यांनीं त्याची अंमलबजावणी टाळली. म्हणून १७७४ मध्यें दरबारास तोच हुकूम अधिक कडक शब्दांत पुन्हां पाठवावा लागला. एकच कायदा दोनदां काढावा लागतो याचा अर्थ पहिल्या वेळीं तो कोणी पाळला नाहीं, हें सांगावयास पंडित नको. पुढें १७७७ मध्यें राजा जोझे वारला, पोंबाल पदच्युत झाला, राणी पहिली मारिया गादीवर आली, आणि समतेच्या हुकुमांमागें उभा राहणारा हातही नाहींसा झाला.

धर्माच्या क्षेत्रांतील स्थिति याहून नाजूक होती. गोव्यांत त्या काळीं दोन प्रकारचे धर्मगुरु होते: एक यूरोपीय संघांचे, दुसरे देशी. फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन, डोमिनिकन इत्यादि संघांचे दरवाजे देशी माणसांस बहुतेक बंदच असत. देशी तरुण धर्मशिक्षण घेत, लॅटिन शिकत, दीक्षा घेत. मग एखाद्या धर्मग्रामांत दुय्यम जागीं काम करीत आयुष्य काढीत. बारदेशांतील देवळें फ्रान्सिस्कनांच्या हातून देशी धर्मगुरूंकडे आलीं तीं १७६६ मध्यें, म्हणजे त्या प्रांतांत धर्म पोहोंचल्यानंतर दोनशें वर्षांनीं. आणि धर्मग्राम मिळालें तरी बिशपपद दूरच होतें.

ही जखम नवी नव्हती. शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू या देशी तरुणास गोव्यांत पुढें वाट मिळेना, तेव्हां तो रोमला गेला. तेथें त्याची विद्वत्ता पाहून १६३७ मध्यें त्यास बिशपची दीक्षा देण्यांत आली. रोमन पद्धतीच्या ख्रिस्तसभेंतील तो पहिला हिंदी बिशप. परंतु तो परतला तेव्हां पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्याचें बिशपपद मान्य केलें नाहीं. अखेरीस आदिलशाही मुलखांत, डिचोलीस राहून त्यानें काम चालविलें. आणि आदिलशहा व डच यांच्याशीं संगनमत करून पोर्तुगीजांविरुद्ध कट केल्याचा आरोप त्याच्यावरही आला. हक्क मागणाऱ्या देशी धर्मगुरूस प्रथम हट्टी म्हणावयाचें आणि मग राजद्रोही म्हणावयाचें, हा पायंडा असा जुना आहे.

दोन पाद्री आणि एक तिसरा

पिंटोंच्या घरीं येणाऱ्यांत दोन नांवें मुख्य आहेत: पाद्री कायतान फ्रान्सिस्क कोवतो आणि पाद्री जोझे आंतोनियो गोन्साल्विश. दोघेही गोव्यांतले देशी धर्मगुरु, दोघेही यूरोप पाहून आलेले. विद्या व अनुभव यांच्या बळावर आपणांस वरच्या धर्मपदांवर नेमलें जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाहीं. दाद मागण्यासाठीं ते लिस्बनच्या दरबारापर्यंत पोहोंचले. तेथेंही निराशाच पदरीं आली.

लिस्बनमध्यें त्यांचा स्नेह जडला तो आणखी एका गोवेकर धर्मगुरूशीं. त्याचें नांव कायतान व्हितोरिन द फारिया. मूळ गांव कोलवाळ. याची कथा जगावेगळी आहे. कांदोळीच्या एका मुलीशीं त्याचें लग्न झालें, ता. ३१ मे १७५६ च्या सुमारास तिच्या माहेरीं कांदोळीस मुलगा झाला, आणि पुढें पतिपत्नींनीं परस्पर संमतीनें संसार सोडला. ती जुन्या गोव्याच्या सांता मोनिकाच्या मठांत जोगीण झाली. यानें धर्मगुरूची दीक्षा घेतली. आणि १७७१ मध्यें मुलास बरोबर घेऊन तो लिस्बनला गेला. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला आबे फारिया. रोममध्यें शिकून १७८० मध्यें तो धर्मगुरु झाला. त्याच्याविषयीं एक आख्यायिका आहे. राणीसमोर प्रवचनास उभा राहिला असतां त्याची बोबडी वळली, तेव्हां बापानें खालून कोंकणींत हळूच म्हटलें, "कातर रे भाजी!" समोरचे बडे लोक म्हणजे भाजीपाला समज आणि बोल, असा त्याचा भाव. मुलाची भीड चेपली व प्रवचन उत्तम झालें. खरीखोटी कशीही असो, गोव्याचीं माणसें दरबारासमोर मनांत काय बोलत असतील तें या तीन शब्दांत आलें आहे.

कोवतो व गोन्साल्विश गोव्यास परतले तेव्हां त्यांच्या मनांत राग होता आणि हातीं लिस्बनचे दुवे होते. कांदोळीच्या घरीं त्यांस श्रोते मिळाले. पिंटो घराण्यांत धर्मगुरु होते तसे सैन्यांतील अधिकारीही होते; त्यांपैकीं लेफ्टनंट मानुएल कायतान पिंटो याचें नांव या प्रकरणांत प्रामुख्यानें येतें. धर्मगुरूंस बिशपपद नाहीं आणि देशी सैनिकांस वरचा हुद्दा नाहीं. दोन्ही दुःखें एकाच घरांत, एकाच मेजाभोंवतीं बसलीं. या प्रकरणास 'पिंटोंचा कट' हें नांव पडलें तें यामुळें.

कट आणि फितुरी

आरोपपत्राप्रमाणें बेत असा होता. देशी पलटणींस फितवून पोर्तुगीज सत्ता उलथून टाकावयाची व गोव्यांत तेथील रहिवाशांचें राज्य स्थापावयाचें. त्यासाठीं टिपू सुलतानाशीं संधान बांधण्याचा प्रयत्न झाला असेंही म्हणतात. १७८७ च्या ऑगस्टची १० तारीख ठरली होती. गोऱ्या शिपायांच्या पावांत विष घालण्याचा विचार होता, आणि ज्या पाववाल्याकडे हें काम सोंपवावयाचें त्याच्याकडूनच बातमी फुटली, अशी एक हकीकत प्रचलित आहे. ऑगस्टच्या आरंभीं गव्हर्नर फ्रान्सिस्क द कुन्य इ मिनेझिश याच्या कानीं ही गोष्ट गेली आणि धरपकड सुरू झाली.

एकंदर ४७ जणांस पकडून शिक्षा करण्यांत आली असें इतिहासकार नमूद करतात. त्यांत १७ धर्मगुरु व ७ लष्करी अधिकारी होते. कांहीं जण वेष पालटून इंग्रजी मुलखांत निसटले. पाद्री गोन्साल्विश त्यांपैकीं एक. त्यानें उरलेलें आयुष्य कलकत्त्यास शिक्षकाचें काम करीत काढलें असें सांगतात. तरुण आबे फारिया १७८८ मध्यें लिस्बन सोडून पॅरिसला गेला.

शिक्षा

मांडवीच्या कांठीं पणजी हें तेव्हां गव्हर्नरांच्या निवासाचें ठिकाण होतें. १७५९ पासून पोर्तुगीज प्रतिनिधि जुनें गोवें सोडून तेथें राहूं लागले होते. पणजींतील सां तोमे या भागांत, जेथें पुढें टपालकचेरी झाली, तेथें त्या काळीं तंबाखूची वखार होती, आणि समोरच्या मोकळ्या जागेंत शिक्षेचा खांब उभा होता. ता. १३ डिसेंबर १७८८ रोजीं पंधरा जणांस तेथें मृत्युदंड देण्यांत आला.

त्या शिक्षेचें वर्णन करतांना लेखणी अडखळते. दंडितांस घोड्यांच्या शेपटांस बांधून रस्त्यांतून फरफटत नेणें, हात तोडणें, मग फांशी देणें, आणि मस्तकें छाटून उंच खांबांवर लटकावणें, असा तो विधि होता. नाताळाच्या सणास बारा दिवस उरले असतां हें घडलें. घरोघरीं गोठा रचण्याची तयारी चालू असेल, आणि त्याच रस्त्यानें ही मिरवणूक गेली असेल. ज्यांनीं फांसाची दोरी ओढली ते ख्रिस्ती, ज्यांच्या गळ्यांत ती पडली तेही ख्रिस्ती. दोघांनीं एकाच रविवारीं एकच मिस्सा ऐकली असेल, ही गोष्ट आपण विसरूं नये.

धर्मगुरूंचें काय झालें? सामान्य न्यायालयास त्यांच्यावर खटला चालवितां येत नव्हता. फांशीहून ते वांचले, पण न्यायासही मुकले. चौदा धर्मगुरूंस जहाजांत घालून लिस्बनला नेण्यांत आलें व तेथें सां जुलियांव द बार्रा या समुद्रकांठच्या किल्ल्यांत आणि अन्यत्र कोंडण्यांत आलें. रीतसर खटला नाहीं, निकाल नाहीं, शिक्षेची मुदतही नाहीं. कित्येक तेथेंच मरण पावले. उरलेल्यांची सुटका होण्यास फार वर्षें लोटलीं. फांसावर गेलेल्यांची तारीख तरी आपणांस ठाऊक आहे. किल्ल्यांत राहिलेल्या या धर्मगुरूंनीं रोज सकाळीं कोणत्या खिडकींतून प्रकाश पाहिला, मिस्सा करण्याची मुभा त्यांस होती किंवा नव्हती, याची कल्पनाच करावी.

कट खरा किती आणि फुगविलेला किती?

या प्रकरणाचे कागद प्रथम नीट जुळवून छापले ते कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज विद्वानानें, १८७५ मध्यें. तो गोव्याच्या सरकारचा चिटणीस होता व दप्तरखाना त्यास खुला होता. तेव्हांपासून या कटाचा अर्थ लावण्याचें काम चालूच आहे. कोणी म्हणतात, हा आशिया खंडांतील यूरोपीय सत्तेविरुद्धच्या पहिल्या उठावांपैकीं एक होय. कोणी म्हणतात, चार असंतुष्ट माणसांच्या बैठकींतल्या गप्पांस घाबरलेल्या सरकारनें बंडाचें रूप दिलें.

आमच्या मतें यांतील तीन पदर वेगळे करून पाहावेत. पहिला पदर तक्रारीचा. तो निर्विवाद खरा आहे. कारण त्याची साक्ष खुद्द राजाच्या १७६१ व १७७४ च्या हुकुमांनीं दिली आहे. दुसरा पदर गुप्त मसलतीचा. तोही संभवनीय आहे. इतकीं माणसें, त्यांत सैनिक व धर्मगुरु एकत्र, कांहीं हेतूवांचून जमत नाहींत. तिसरा पदर टिपूशीं संधान व विषाचा. येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. आरोपींचे जबाब तुरुंगांत घेतलेले होते, आणि त्या काळचे तुरुंगांतले जबाब कसे निघत हें सर्वांस ठाऊक आहे. शिवाय याच टिपूनें १७८४ मध्यें मंगळूर प्रांतांतील हजारों कॅथॉलिकांस बंदी करून श्रीरंगपट्टणास नेलें होतें. तीन वर्षांनीं गोव्याचे कॅथॉलिक धर्मगुरु त्याच्याचकडे मदतीसाठीं हात पसरतील, ही गोष्ट अशक्य नव्हे. पण ती खरी असेल तर त्यांची निराशा किती खोल गेली होती तें तीवरून दिसेल, आणि खोटी असेल तर आरोप रचणाऱ्यांनीं लोकांच्या मनांतील सर्वांत मोठी भीति नेमकी हेरली, असें म्हणावें लागेल.

विषाची गोष्ट खरी असल्यास तिचें समर्थन कोणत्याही ख्रिस्ती माणसास करतां येणार नाहीं. ज्या हातांनीं वेदीवर भाकर उचलावयाची त्यांनीं दुसऱ्याच्या भाकरींत मृत्यु कालविण्याचा विचार करावा, याहून दारुण अधःपात कोणता? अन्याय सोसणाऱ्याचें प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाहीं. परंतु कृत्याचा निषेध करतांना ज्या अन्यायांतून तें निघालें त्याच्याकडे डोळेझांक करणें, हाही एक प्रकारचा अन्यायच होय.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वाऱ्यानें हीं डोकीं फिरलीं असें पुष्कळदां लिहिलें जातें. पॅरिसचा बास्तीय किल्ला पडला तो १७८९ मध्यें. कांदोळीचा कट फुटला १७८७ मध्यें. नव्या विचारांची कुजबूज यूरोपांत आधींपासून होती, आणि अमेरिकेनें १७७६ मध्यें स्वातंत्र्य पुकारलें होतें, हें खरें. तथापि आपल्याच देवळांत आपण दुय्यम कां, हा प्रश्न सुचण्यासाठीं गोवेकर धर्मगुरूस पॅरिसची वाट पाहण्याची गरज नव्हती.

घरास शिक्षा

पोर्तुगीज राज्यांत राजद्रोह्याच्या घरासही शिक्षा होत असे. १७५९ मध्यें राजावरील हल्ल्याच्या आरोपावरून लिस्बनमध्यें आव्हेयरूच्या ड्यूकास ठार करण्यांत आलें, त्याचा वाडा जमीनदोस्त करण्यांत आला, त्या जागेवर मीठ पेरण्यांत आलें आणि तेथें पुन्हां कोणी बांधूं नये म्हणून दगडी स्तंभ उभारण्यांत आला. कांदोळीच्या कटानंतर दोनच वर्षांनीं, १७८९ मध्यें, ब्राझील देशांत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आणखी एक कट उघडकीस आला. त्यांतील तिरादेंतिश यास ता. २१ एप्रिल १७९२ रोजीं फांशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे रस्तोरस्तीं टांगण्यांत आले, आणि त्याचेंही घर पाडून जमिनीवर मीठ टाकण्यांत आलें. आज ब्राझीलमध्यें तो राष्ट्रवीर आहे आणि २१ एप्रिल हा राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे.

घर पाडलें कीं आठवण पुसली जाईल असें राज्यकर्त्यांस वाटतें. अनुभव उलटा आहे. मीठ पेरलेल्या जमिनी लोक मुद्दाम पाहावयास जातात. कांदोळीचें घर तर आपल्या कुलचिन्हासह राहिलें, आणि त्यानें एकाच वेळीं दोन साक्षी दिल्या: राजानें दिलेल्या मानाची, आणि तो मान अपुरा पडल्याची. गांवांतील ज्या घरीं आबे फारिया जन्मला त्याचीही आठवण कांदोळीनें जपली आहे. फारियानें पॅरिसमध्यें मोहनिद्रेच्या शास्त्राचा पाया घातला. सूचनेचा प्रभाव झोपणाऱ्याच्या मनांतच असतो हें त्यानें ओळखलें, आणि १८१९ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या सुमारास तो वारला. फ्रेंच कादंबरीकार द्यूमा यानें त्याचें नांव आपल्या कादंबरींतील एका कैदी धर्मगुरूस दिलें. १९४५ मध्यें, पोर्तुगीज राज्य असतांनाच, पणजीस मांडवीच्या कांठीं रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकारानें घडविलेला त्याचा पुतळा उभा राहिला. ज्या शहरांत त्याच्या गांवकऱ्यांस फांसावर चढविलें त्याच शहरांत कांदोळीचा मुलगा कांशाच्या रूपानें परतला.

आमचा बोध

१७८७ मध्यें जें मागणें राजद्रोह ठरलें तें पुढें ख्रिस्तसभेनें आपलेंच म्हणून सांगितलें. १९१९ मध्यें परमगुरु पंधरावे बेनेडिक्ट यांनीं जगांतील सर्व मिशनांस बजाविलें कीं, देशी धर्मगुरूंस सदैव हाताखालीं ठेवूं नये. त्यांस असें तयार करावें कीं ते एके दिवशीं आपल्या लोकांचे मेंढपाळ होतील. १९२३ मध्यें तुतिकोरिन येथें तिबुर्शियस रोश हे अर्वाचीन काळांतील रोमन पद्धतीचे पहिले हिंदी बिशप झाले. १९५५ मध्यें अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हां त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारियो हे हिंदीच होते; आणि त्या वेळीं वऱ्हाडांत कोणास त्याचें नवल वाटलें नाहीं. हें नवल न वाटणें हीच मोठी गोष्ट आहे. गोव्यास मात्र याहून अधिक थांबावें लागलें. १९६१ मध्यें पोर्तुगीज राज्य संपलें, आणि १९७८ मध्यें राउल गोन्साल्विश हे गोव्याच्या आर्चबिशपपदावर आले. पिंटोंच्या घरांतील बैठकींस तेव्हां एकशें एक्याण्णव वर्षें झालीं होतीं.

येथेंच थांबलों तर आमचा लेख गोड होईल, पण पुरा होणार नाहीं. गोऱ्यांकडून समता मागणारीं हीं माणसें स्वतः आपल्या खालच्यांस ती देत होतीं काय? उत्तर कटु आहे. गोव्यांत धर्मांतरानंतरही ब्राह्मण, चारदो, शूद्र असे भेद राहिले. देवळांतील बंधुमंडळें जातीवार होतीं, आणि सणाच्या दिवशीं कोणता झगा कोणीं घालावा, मिरवणुकींत कोणी पुढें चालावें, यावरून तंटे होत. वरच्या पायरीवर उभें राहूं द्या म्हणून आक्रोश करणारा माणूस खालच्या पायरीवरील भावाकडे वळून पाहत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि तो एकट्या गोव्याचा नाहीं.

आपल्या वऱ्हाडांतील धर्मग्रामांत नाना ठिकाणांहून आलेलीं कुटुंबें आहेत: कोणी रेल्वेच्या नोकरीमुळें आलीं, कोणी शाळा-दवाखान्यांच्या सेवेंत आलीं, कोणी याच मातींतलीं, ज्यांच्या आजोबांनीं गांवकुसाबाहेरून येऊन बाप्तिस्म्याचें पाणी घेतलें. देवळांत बसतांना, लग्न ठरवितांना, स्मशानभूमींत जागा देतांना, मंडळाचा अध्यक्ष निवडतांना आपण सारे सारखे आहों काय, हा प्रश्न कांदोळीचें घर आपणांस विचारतें. त्याचें उत्तर आपण आपल्या धर्मगुरूंवर किंवा बिशपांवर सोंपवूं शकत नाहीं. तें आपल्या घरच्या मेजावर व आपल्या देवळाच्या बांकावर द्यावयाचें आहे.

पणजीच्या त्या जागेवरून आज लोक टपाल टाकावयास जातात. तेथें पंधरा जीव गेले हें बहुतेकांस ठाऊक नसतें. त्यांची राजकीय योग्यता इतिहासकारांनीं ठरवावी. आपण त्यांच्या आत्म्यांसाठीं, किल्ल्यांत मरण पावलेल्या धर्मगुरूंसाठीं, आणि ज्यांनीं त्यांस शिक्षा दिली त्यांच्यासाठींही, महोत्सवाच्या मिस्सेंत एक प्रार्थना करूं. मृतांसाठीं प्रार्थना करतांना आपली ख्रिस्तसभा त्यांचें कूळ विचारीत नाहीं. जिवंतांच्या बाबतींतही तसेंच होवो, एवढें मागून हा लेख पुरा करतों.